रडकी पोरं आहेत का घरात?

जपानात अकिताहून ओगाला जाणारी गाडी दोनच डब्यांची, एक लाल आणि एक निळा. या फाट्यावर वरून विजेच्या तारा नाहीत, म्हणून २०१७ सालापासून इथे बॅटरीवरची गाडी धावते. आणि तिला रंग दिलेत ते थेट राक्षसांचे. लाल नामाहागे, निळा नामाहागे. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटन केंद्रापाशी दोघांचे पुतळे उभे आहेत, त्यातला मोठा १५ मीटर उंच. जपान समुद्रात शिरलेल्या या द्वीपकल्पात बिस्किटांच्या पुड्यापासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत तोच सुळेदार जबडा. इतका दिसला की राक्षसाचा धाक उरत नाही.

खरा नामाहागे मात्र वर्षातून एकाच रात्री येतो, ३१ डिसेंबरला. जुन्या चांद्र पंचांगाच्या काळात ती रात्र पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराची होती. गावातले तरुण (पूर्वी फक्त बिनलग्नाचे) मुखवटे चढवतात, अंगावर भाताच्या पेंढ्याचा ‘केदे’ बांधतात, हातात लाकडी सुरा आणि बादली घेतात आणि ओरडत घरात शिरतात. रडकी पोरं आहेत का? कामचुकार कोणी आहे का?

सुरा जीव घ्यायला नसतो. हिवाळाभर शेकोटीशी बसून राहणाऱ्याच्या हातापायांवर लालसर चट्टे उठतात. ते चट्टे म्हणजे आळसाचा पुरावा, आणि नामाहागे ते सोलून बादलीत टाकून नेणार. ही शिक्षा मला फार नेमकी वाटली. बाहेर समुद्राकडून येणारा वारा अंगातली हाडं मोजत असताना जाळापासून उठावंसं कोणाला वाटेल? पण जाळी दुरुस्त करायची राहिली, पेंढ्याची कामं पडून राहिली, तर वसंतात घराचे हाल.

हे आले कुठून, याची ओगातली सगळ्यात रंगतदार गोष्ट पायऱ्यांची आहे. चीनचा हान सम्राट वू पाच राक्षस घेऊन इथे आला. राक्षस वर्षभर राबायचे, सुट्टी एकच दिवस. त्या दिवशी ते गावात उतरून धान्य आणि मुली पळवायचे. वैतागलेल्या गावकऱ्यांनी पैज लावली: कोंबडा आरवायच्या आत, एका रात्रीत हजार दगडी पायऱ्या बांधा, जमलं तर दरवर्षी एक मुलगी देऊ, नाही जमलं तर पुन्हा गावात फिरकू नका. ९९९ पायऱ्या झाल्या आणि कुणीतरी कोंबड्याची नक्कल केली. राक्षस डोंगरात पळाले. ती वाट आजही गोशादोच्या पाच देवळांपर्यंत चढते. बर्फातून थोडं अंतर चढून पाहिलं. घडीव दगड एकही नाही, कुठली पायरी गुडघ्याएवढी तर कुठली वीतभर. रातोरात उरकलेलं काम ओळखू येतं. आणि माझी सहानुभूती, खरं सांगायचं तर, राक्षसांकडेच गेली. फसवलं त्यांना.

लिहिणाऱ्यांपैकी ज्याचं या रात्रीशी नाव जोडलं गेलंय तो सुगाए मासुमी, एक भटका. १७५४ साली जन्मलेला हा माणूस उत्तरेत भटकत राहिला आणि अकितातच रमला. १८११ मध्ये ओगातल्या एका गावात त्याने नामाहागे पाहिला, लिहून ठेवला आणि चितारलाही: लाल मुखवटा, काळे केस, पेंढ्याचा झगा, हातात सुरा. शिन्झान देवळाजवळच्या नामाहागे संग्रहालयात दीडशेवर मुखवटे मांडलेत. दोन सारखे नाहीत. काहींना शिंगंच नाहीत. पुड्यांवरचा आणि पाट्यांवरचा ठरीव चेहरा इथे विरून जातो. एखाद्या गावाने झाडाच्या सालीचा केला, एखाद्याने टोपलीवर थापला, कोणाचे डोळे हसरे.

शेजारीच गवती छपराचं, काटकोनात वळलेलं जुनं शेतघर आहे. तिथे पाहुण्यांसाठी ती रात्र वर्षभर करून दाखवतात. चटईवर दाटीने बसलो. आधी आला तो साध्या कपड्यातला माणूस, ‘साकिदाची’. त्याने यजमानाला विचारलं, नामाहागे आलेत, आणू का आत? त्या वर्षी घरात मृत्यू, जन्म किंवा आजारपण झालं असेल तर राक्षस त्या घरी जात नाहीत. होकार मिळाला आणि मग लाकडी दारावर असा धडाका बसला की माझ्या पुढची शाळकरी पोरगी आईच्या कोटात घुसली. आत येताच राक्षसांनी सात वेळा पाय आपटले. कपाटं उघडली, कोपरे धुंडाळले, आमच्या तोंडाजवळ तोंड आणून गर्जना केल्या. पेंढ्याचा वास आला, ओला, गोठ्यातला.

यजमान हात जोडून मधे पडला. थांबा, जेवून तरी जा. पाच वेळा पाय आपटून राक्षस पानावर बसले. साके ओतली गेली, पीकपाण्याची चौकशी झाली. मग नामाहागेने वही काढली. तुझा नातू अभ्यास सोडून खेळत बसतो, सून रात्री उशिरापर्यंत जागते, सगळं लिहिलंय इथे. यजमान एकेक आरोप खोडत गेला: नाही हो, गुणी आहेत आमची माणसं. पुन्हा साके. शेवटी राक्षस म्हणाला, ऐकली नाहीत तर डोंगराकडे तोंड करून तीन टाळ्या वाजव, लगेच येतो. तांदळाची मोची घेतली, तीन वेळा पाय आपटले आणि गेले. गळालेल्या पेंढ्याच्या काड्या आम्ही सगळ्यांनी वेचल्या; डोक्याला बांधल्या की वर्षभर आजार येत नाही म्हणतात.

आपला बागुलबुवा कधी येतच नाही, हीच त्याची सगळी ताकद. हा येतो, पण परवानगी घेऊन, आणि पानावर बसतो. पोराला राक्षस दिसतो तितकाच त्याच्यासमोर आपली बाजू लढवणारा बापही दिसतो. मला वाटतं, हा विधी त्या बापासाठी आहे.

फेब्रुवारीत शिन्झानच्या देवळात सेदो उत्सव होतो, १९६४ पासून. मशाली घेतलेले नामाहागे बर्फातून डोंगर उतरतात तेव्हा देखणे दिसतात यात वाद नाही. पण ते गर्दीसाठी आहे, कॅमेऱ्यांसाठी आहे. त्या घरातल्या वहीपुढे मला ते फिकं वाटलं.

२०१८ मध्ये युनेस्कोने जपानच्या अशा दहा पाहुण्या देवांना एकत्र यादीत घेतलं, त्यात नामाहागेही आहे. अडचण मात्र निराळीच आहे. अकिता हा जपानमधला सगळ्यात म्हातारा प्रांत, जन्मदरही सगळ्यात कमी. ओगाची वस्ती २५ हजारांच्याही खाली, आणि घटती. मुखवटा घालायला तरुण नाहीत म्हणून काही वस्त्यांनी प्रथा सोडली. कुठे शहरातून सुट्टीला आलेली मुलं केदे बांधतात, कुठे बाहेरून आलेले विद्यार्थी. काही घरं आता उंबऱ्यावरूनच निरोप देतात, पानं मांडायची कोणी आणि पेंढा झाडायचा कोणी म्हणून. आमच्या मुक्कामाचे घरमालक सांगत होते, त्यांच्या गल्लीत पोर असलेलं घर एकच. तरी बाकीची दारं उघडी असतात. तिथे नामाहागे सत्तरीच्या पोरांना दटावतात: औषधं घेतोस का वेळेवर? छपरावरचं बर्फ एकटाच काढायला चढू नकोस. आणि आजोबा, साके ओतता ओतता, आपली बाजू मांडत बसतात.