नील बेटावरच्या सात रात्री

"लोकांना जिथे शिक्षा म्हणून पाठवीत, तिथे तुम्ही पदरचे पैसे भरून निघालात!"

बॅगेत आल्याच्या वड्यांची डबी कोंबता कोंबता आमच्या सौ.ने हा शेरा मारला. तिचेही काही चुकत नव्हते. अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभे राहते, आणि १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तिथे काढणारे सावरकर. पण मला जेलपलीकडे जायचे होते. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दोनेक तासांवर नील नावाचे एक लहानसे बेट आहे, तिथे समुद्रकाठी झोपड्या भाड्याने मिळतात, असे ऐकले होते. छत्तीस वर्षे दादर ते फोर्ट लोकलने जाऊन बँकेत इतरांचे पैसे मोजल्यावर माणसाला एवढीच इच्छा होते, की चार दिवस कोणी आपल्याला काही विचारू नये. सौ.ला बरोबर येण्याचा आग्रह मी केला होता. मनापासून केला होता असे मात्र शपथेवर सांगणार नाही. "ज्या दाराला कडी नाही त्या घरात मी झोपत नाही," असे म्हणून तिने प्रश्न मिटवला.

ही हकीगत डिसेंबर २०१६ची. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला मी निवृत्त झालो आणि आठच दिवसांनी सरकारने पाचशे-हजाराच्या नोटा रद्द केल्या. बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांनी त्याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाही. खिशात चार गुलाबी दोन हजारी नोटा आणि मुश्किलीने जमवलेल्या थोड्या शंभराच्या, एवढ्या भांडवलावर २ डिसेंबरच्या संध्याकाळी मी नीलच्या धक्क्यावर उतरलो.

आता या बेटाला शहीद द्वीप म्हणतात. २०१८च्या डिसेंबरात नाव बदलले. पोर्ट ब्लेअरचेही २०२४मध्ये श्री विजयपुरम झाले. पण खुद्द नीलवरच्या वस्त्यांची आणि किनाऱ्यांची नावे ऐकून मी चकित झालो: रामनगर, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर! सूर्य सीतापूरला उगवतो आणि लक्ष्मणपूरला मावळतो. बेट एवढेसे, की सायकलवरून एका सकाळी सारे पाहून होते. मधोमध भाताची खाचरे, वांगी-मिरच्यांचे वाफे, सुपारीच्या बागा; पोर्ट ब्लेअरच्या मंडईला भाजी इथून जाते. या बागांतून पायवाटेने गेले की एकदम झाडी संपते आणि समुद्र!

माझी झोपडी त्या झाडीच्या कडेला होती. बांबूच्या कामट्यांच्या भिंती, वर पानांचे छप्पर, आत एक खाट, एक मच्छरदाणी, एक दिवा आणि कपडे टांगायला सुंभाची दोरी. दाराला कडी नव्हती (हे मी घरी कळवले नाही). भाडे दिवसाला तीनशे. समोर सी-महुआचे एक जुने झाड वाळूवर ओणवे झाले होते, आणि भरतीला पाणी त्याच्या मुळांपर्यंत येई.

घड्याळाची मात्र तिथे मोठी मौज होते. हे बेट मुंबईपासून इतके पूर्वेला, की सूर्य मुंबईपेक्षा सव्वा तास आधी येतो आणि सव्वा तास आधी जातो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. ज्या वेळी फोर्टमध्ये आम्ही चहाचा शेवटचा कप मागवीत असू, त्या वेळी इथे काळोख! पहिल्या रात्री साडेसातलाच मी मच्छरदाणीत शिरलो. भिंतीच्या फटींतून वारा येत होता, लाटा येत होत्या, आणि मला कोणी काही विचारीत नव्हते. मी अतिशय सुखी होतो. दहा वाजेपर्यंत.

दहानंतर झोप येईना. या वेळी सौ. गॅस बंद आहे का ते तीनदा बघून येते. ते कोणी बघत नव्हते.

झोपडीचे मालक बंगाली. पंचेचाळिशीचा यजमान, त्याची बायको, दोन मुले, आणि पंचाहत्तरीची त्याची आई. बागेच्या वरच्या अंगाला त्यांचे पत्र्याचे पक्के घर. जेवायला मी तिथे जाई. भात, मासे, डाळ आणि वांग्याची काप. म्हातारीला सगळे माशीमा म्हणत. मावशीला बंगालीत 'माशी' म्हणतात हे कळेपर्यंत मला हे संबोधन जरा अपमानकारकच वाटत होते. तिने उलट मला 'बाबा' म्हणायला सुरुवात केली. आईच्या वयाची बाई आपल्याला बाबा म्हणते, यालाही सवय व्हावी लागते.

पहिल्याच जेवणाला ती माझ्यासमोर बसली, मला नीट न्याहाळले आणि म्हणाली, "ॲका?"

मला वाटले, मराठीत 'ऐका' म्हणते आहे. मी कान पुढे केला आणि म्हणालो, "हां, ऐकतो."

सगळे घर हसले. 'ॲका' म्हणजे एकटा. एकटाच आलास का, असे ती विचारीत होती. मी हिंदीत सांगितले, की हो, मुद्दाम एकटा आलो. त्यावर तिने दुसरा शब्द उच्चारला, "केनो?" म्हणजे का? या प्रश्नाला माझ्याजवळ तयार असलेली सगळी उत्तरे त्या पत्र्याखाली पोकळ वाटली. मी भात मागून घेतला.

३ तारखेला यजमानाच्या मुलांबरोबर ओहोटीच्या वेळी लक्ष्मणपूरच्या खडकांवर गेलो. पाणी मागे सरले की प्रवाळाचा सारा सपाट कट्टा उघडा पडतो, आणि त्यातल्या खळग्यांत निळे-पिवळे मासे, समुद्रकाकड्या, जाड ओठांचे शिंपले असा बाजार भरतो. तिथे खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगाली मंडळी तिला हावडा ब्रिज म्हणतात. मी एक सुरेख शंख उचलला, तर धाकट्याने तो माझ्या हातातून काढून परत ठेवला. शंखात राहणारे खेकडे असतात. वाढले की जुनी खोली सोडून मोठी शोधत फिरतात. आज रिकामा दिसणारा शंख उद्या कोणाचे तरी बिऱ्हाड असतो, तेही पागडी न भरता. दादरकराला हे पटायला वेळ लागला नाही.

५ तारखेला वारा फिरला. आकाशाला शिशाचा रंग आला आणि माशीमा अंगणात उभी राहून म्हणाली, "झोड आशबे." झोड म्हणजे वादळ. ६ तारीख ही माझी परतीची; पण त्या दिवशी बोटी बंद झाल्या आणि फोनही मुका झाला. हाच कमी दाबाचा पट्टा पुढे वरदा चक्रीवादळ होऊन १२ डिसेंबरला चेन्नईवर गेला, हे आम्हाला नंतर कळले. नीलवर आणि शेजारच्या हॅवलॉकवर शेकडो प्रवासी अडकून पडले होते.

संध्याकाळी यजमान झोपडीपाशी आला. "दादा, आईने सांगितलंय, आज रात्री वर घरात झोपायचं."

मी नको म्हणालो. एकतर संकोच, आणि खरे सांगायचे तर एकटेपणाचा हट्ट. शिवाय सप्तमी-अष्टमीचे दिवस, म्हणजे कोकणात म्हणतात तसा भांग; उधाण नव्हते. हे शास्त्र मी त्याला समजावू लागलो. तो गेला आणि पाच मिनिटांत भर पावसात, डोक्यावर पोते घेऊन, म्हातारी स्वतः खाली आली. तिने शास्त्र ऐकून घेतले नाही. माझी बॅग उचलली आणि चालू लागली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने आपली बॅग नेल्यावर मागून जाण्यावाचून गत्यंतर नसते.

त्या रात्री कोणी झोपले नाही. पत्रा असा वाजत होता की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. तशात तिने सांगितले. २६ डिसेंबर २००४च्या सकाळी जमीन हादरली आणि मग समुद्र चढून आला, तेव्हापासून लाटांचा आवाज बदलला की ती आधी घरातली माणसे मोजते. आज मोजल्यावर एक कमी भरला, म्हणून खाली आली. तिचे माहेर-सासर बरिसालकडचे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आली, आणि साठीच्या दशकात सरकारने ज्या कुटुंबांना नीलवर जमीन दिली, त्यांत हे एक. कलकत्त्याहून बोटीत बसताना बेट कुठे आहे हेही तिला ठाऊक नव्हते. उतरली तेव्हा समोर रान. पानांच्या झोपडीत दिवस काढले, तिथेच पोरे झाली. पावसात छप्पर गळे तेव्हा पोराला पोटाशी घेऊन कोपरे बदलीत बसे. हे पत्र्याचे घर उठले त्या दिवशी आनंदाने रडली.

"आणि आता," ती म्हणाली, "तुम्ही लोक पैसे देऊन पानांच्या घरात राहता." त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच कोडे पडले होते.

सकाळी खाली गेलो. सी-महुआची एक फांदी आडवी पडली होती आणि झोपडीचे छप्पर बागेत जाऊन बसले होते. खाट जागच्या जागी. तिच्यावर ओल्या पानांचा ढीग आणि एक जाडजूड वासा, बरोबर उशीवर. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. म्हातारीनेही पाहिले. काही बोलली नाही.

पुढचे दोन दिवस, पाऊस उघडीप देईल तेव्हा, आम्ही शाकारणी केली. धानीपत्ती नावाच्या पाणथळीतल्या पामची लांब पाने आणायची, बांबूच्या कांबीवर एकेक दुमडायचे आणि वेताच्या बारीक सालीने टाके घालीत जायचे. माशीमाची बोटे न बघता चालत. माझा एक तक्ता होईस्तोवर तिचे पाच होत. तिने माझे टाके दोनदा उसवले. पण त्या दोन दिवसांत तिने माझ्याकडून सगळे काढून घेतले: मुलगी कुठे दिली, सुनेचे बाळंतपण, सौ.चे गुडघे. चार दिवस कोणी काही विचारू नये म्हणून आलेला मी, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर देत होतो. सौ.ला कळवता येत नव्हते ही टोचणी एकीकडे चालूच होती. माशीमाने तेही ओळखले. "ती मोजत असेल," एवढेच म्हणाली.

९ तारखेला नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल यांनी मिळून प्रवाशांना बाहेर काढले. निरोप आला तो घाईचाच. हिशेब करायला गेलो, तर माझ्याजवळ उरलेल्या नोटा दोन हजाराच्या आणि साऱ्या बाजारात मोड नाही! यजमान म्हणाला, नंतर पाठवा. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसावर असा तारणावाचून विश्वास कोणी कधी टाकला नव्हता. माशीमाने नारळाच्या लाडवांची पुरचुंडी हातात दिली आणि म्हणाली, "आबार एशो बाबा. ॲका ना."

पोर्ट ब्लेअरला फोन लागला. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही, मग सौ. म्हणाली, "जेवलात का?"

दादरला आल्यावर मी सात रात्रींचे भाडे आणि जेवणाचे मिळून पैसे यजमानाच्या खात्यात भरले. आठवड्याने त्याचा फोन आला. आईने हिशेब तपासला होता. छप्पर उडाल्यावरच्या तीन रात्रींचे भाडे ती घेणार नव्हती. तेवढे नऊशे परत पाठवतो म्हणाला. मी रागावलो, विनवले. उपयोग झाला नाही.

"आणि दादा," तो जरा चाचरत म्हणाला, "आई सांगते आहे, छप्पर उत्तम झालं. फक्त तुम्ही शिवलंत तिथे गळतं."