लहान थेंब

रिठदच्या शाळेत सहावीला असताना विज्ञानाच्या सरांनी खडूच्या बुडाशी काळ्या शाईचा थेंब लावून तो बशीतल्या पाण्यात उभा करायला लावला. पाणी वर चढतं, शाईतले रंग सुटे होतात. बाकीच्यांच्या खडूवर निळे-जांभळे पट्टे उमटले. माझ्या खडूवर नुसता काळपट डाग. शाई मीच भरमसाट लावली होती. सर शेजारी उकिडवे बसले, दुसरा खडू हाती दिला. "थेंब लहान ठेव, बापू. रंगायले चालाले जागा पायजे."

तेव्हा रिठद अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. खडू मात्र सरांच्या खिशातले.

पुढे पुण्यात औषधांच्या प्रयोगशाळेत लागलो. आयुष्य एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर गेलं. औषधाच्या मूळ द्रव्यात ०.१ टक्क्याच्या वर अनोळखी अशुद्धी दिसली, की ती कोणती हे सहसा शोधावं लागतं. त्यासाठी अनेकदा आधी ती काही मिलिग्रॅम तरी वेगळी काढावी लागते. सिलिकाच्या बारीक कणांनी ठासलेल्या पोलादी कॉलममधून पाणी आणि ॲसिटोनायट्राइल दाबाने सोडायचं. जो रेणू कणांना जास्त धरून राहतो, तो मागून बाहेर येतो.

हे काम पहिल्यांदा अंगावर आलं तेव्हा मी एकाच इंजेक्शनमध्ये भरपूर माल सोडला. पडद्यावर औषधाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, असा पसरला की शेजारचा इवलासा पीक त्याच्या पोटात गेला. दोन दिवस वाया गेले. रात्री एकटाच यंत्रासमोर बसलो होतो, आणि खडूवरचा तो काळपट डाग डोळ्यांपुढे आला. माल कमी केला, इंजेक्शनं वाढवली. रात्रभर तेच, पुन्हा पुन्हा. पहाटे गोळा केलेला अंश तपासला. एकच पीक, स्वच्छ.

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग वेगळे केले ते काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून. १९०६ साली त्याने या रीतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. एम.एस्सी.ला हे वाचलं तेव्हाच सरांना पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

गेल्या दिवाळीत एक निकामी कॉलम घेऊन त्यांच्याकडे गेलो. सरांनी तो तळहातावर तोलला.

"काय भरलं हाय याच्यात?"

"सिलिका, सर."

"खडू नाही?"

मी त्स्वेतची गोष्ट सांगितली. सर बराच वेळ कॉलम हातात फिरवत राहिले. मग त्यांनी आत नातीला हाक मारली. "काळा स्केचपेन आन वं माय. अन् एक खडू."