दोन काडतुसें कमी

ज्या शब्दानें इंग्रज वाचक आपलें मासिक ओळखतो, त्याच शब्दानें तेथील शिपाई आपल्या रायफलीची काडतूसपेटी ओळखतो, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस मौजेची वाटत आली आहे. अरबी ‘मखझन’ म्हणजे कोठार. तो शब्द युरोपांतील भाषांतून फिरत फिरत इंग्लंडांत पोंचला, दारूगोळ्याच्या कोठारास लागला, आणि १७३१ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नें तो नियतकालिकास लाविला. मासिकाचें कोठार वाजवीपेक्षां अधिक भरलें तर संपादकाखेरीज कोणाचें फारसें बिघडत नाहीं. दुसऱ्या कोठाराची गोष्ट निराळी आहे.

वरवर पाहतां ही वस्तु अगदीं साधी. पत्र्याची किंवा प्लास्टिकची एक पेटी, तळाशीं स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पाटी, पाटीवर दोन ओळींत रचलेलीं काडतुसें, आणि सर्वांत वरच्या काडतुसास अडवून धरणाऱ्या, आंत वळविलेल्या दोन कडा. या कडांस ‘ओठ’ म्हणतात. संपूर्ण रायफलींतला हा स्वस्तांतला भाग. पण रायफल मध्येंच अडून बसली असतां जाणता कारागीर प्रथम संशय घेतो तो याचाच. कारण त्याचें काम सोपें नाहीं. कलाशनिकोव्हची रायफल मिनिटास सुमारें ६०० गोळ्यांच्या वेगानें चालते, म्हणजे सेकंदास दहा. त्या एक दशांश सेकंदांत बोल्ट मागें जावयाचा, रिकामें टरफल बाहेर फेंकावयाचें, आणि बोल्ट परत येण्यापूर्वीं खालची सगळी चळत एका काडतुसाच्या जाडीनें वर सरकलेली असावयाची. ती सरकली नाहीं, अथवा तिरकी सरकली, तर घोडा दाबणाराच्या हातांत एक जड काठी तेवढी उरते.

काढतां-घालतां येणाऱ्या पेटीचें पेटंट १८७९ सालीं अमेरिकेंत ज्यानें घेतलें, तो जेम्स पॅरिस ली स्कॉटलंडांत जन्मलेला, कॅनडांत वाढलेला, आणि घड्याळजीचा धंदा केलेला मनुष्य होता. स्प्रिंगचा स्वभाव ओळखणारा माणूस घड्याळजीच असावा, हें आम्हांस स्वाभाविक वाटतें. इंग्रजांनीं १८८८ सालीं त्याच्या पद्धतीची रायफल स्वीकारली तेव्हां पेटींत आठ काडतुसें मावत; लवकरच दहा मावूं लागलीं. ली-एन्फील्ड या नांवानें तिचा वंश आपल्याकडील शिपायांच्या खांद्यांवरून दोन महायुद्धें फिरून आला. हातानें बोल्ट ओढणाऱ्यास दहा पुरत. यंत्र आपोआप चालूं लागलें तेव्हां हांव वाढली. फ्रेंचांच्या १९१५ सालच्या ‘शोशा’ या हलक्या मशीनगनची अर्धचंद्राकृति पेटी वीस काडतुसांची होती, आणि किती उरलीं तें शिपायास दिसावें म्हणून तिची एक बाजू उघडी ठेविली होती. शिपायाची नजर आंत जाण्यापूर्वींच खंदकांतला चिखल आंत गेला. ती बंदूक अडून बसण्याचें मोठें कारण ही पेटीच ठरली.

पण चिखल हा बाहेरचा शत्रु. आंतला शत्रु रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत आहे: स्प्रिंग जितकी दाबावी तितकाच ती उलट जोर करते. पेटी पूर्ण भरली म्हणजे हा जोर सर्वांत अधिक. तेव्हां वरचें काडतूस ओठांवर असें घट्ट बसतें कीं त्याला सोडवून पुढें ढकलण्यांत बोल्टाचीच शक्ति खर्चीं पडते. पेटी सरत आली म्हणजे जोर ओसरतो, आणि शेवटचीं दोनतीन काडतुसें वर येण्यास रेंगाळतात. पहिल्यासाठीं स्प्रिंग नरम हवी, शेवटच्यासाठीं ताठ हवी. आणि पेटी जितकी खोल तितकें या दोहोंमधील अंतर मोठें. भरून ठेविल्यानें स्प्रिंग मरते ही समजूत मात्र खरी नाहीं. नीट बनविलेली स्प्रिंग दबून राहिल्यानें फारशी थकत नाहीं. तिला थकविते ती वारंवारची दाबणूक व सुटका. तीस वर्षें तासाच्या घंटेवर वर्गांत जाऊन आलेल्या आम्हांस हें पटण्यास पुरावा लागला नाहीं.

आमच्या शेजारीं सातारा जिल्ह्यांतील एक निवृत्त सुभेदार राहतात. हूकचा नियम आम्हीं त्यांस मोठ्या उत्साहानें समजावून सांगितला, तो त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला. मग म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, भरलेली पेटी दिसायला बरी. पण वरचं काडतूस अंगठ्यानं दाबून बघायचं. दबत नसेल तर दोन काढायची आणि मगच लावायची. दोन कमी म्हणून माणूस मरत नाही. पहिलंच अडलं तर मरतो.” ब्रेन गनच्या तीसांच्या पेटींत इंग्रज फौज अठ्ठावीसच भरी, आणि व्हिएतनाममध्यें अमेरिकन शिपाई वीसांच्या पेटींत अठरा. सैन्यें निराळीं, बंदुका निराळ्या, वजाबाकी एकच.

आपल्या इन्सास रायफलीचा आराखडा पुण्याच्या पाषाणांत तयार झाला. तिची पेटी प्लास्टिकची व अर्धपारदर्शक; काडतुसें मोजतां यावीं ही फ्रेंचांचीच इच्छा, पण या वेळीं बाजू बंद ठेवून. १९९९ च्या कारगिल युद्धांत ती पेटी पर्वतावरील थंडीनें तडकते, अशा तक्रारी पुढें आल्या. पुण्याच्या हवेंत बसून हिमालयाच्या हिंवाचा अंदाज बांधणें किती कठीण, हें त्यावरून दिसतें.

पेटीचा बांकहि कांहीं शोभेसाठीं नसतो. कलाशनिकोव्हचें काडतूस बुडाशीं जाड व पुढें निमुळतें. तशीं तीस एकावर एक ठेविलीं तर चळत आपोआप वांकते, आणि पेटीनें त्या वांकणास संमति द्यावयाची एवढेंच. संख्येच्या हांवेला मात्र अशी संमति सहज मिळत नाहीं. रशियनांनीं दुसऱ्या महायुद्धांत आपल्या पीपीएसएच बंदुकीस एकाहत्तर काडतुसांची ढोलासारखी वाटोळी पेटी लाविली. ती जड, भरावयास वेळखाऊ, आणि एका बंदुकीची दुसरीस नीट बसेलच असा भरंवसा नाहीं. १९४२ पासून त्यांनीं पस्तीसांची साधी वांकडी पेटी काढली. निम्म्यावर येण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

आतां साठांच्या पेट्या निघाल्या आहेत, त्यांत चार ओळींतलीं काडतुसें वर येतां येतां दोन ओळींत मिसळावीं लागतात. शंभरांचे ढोलहि मिळतात. २० जुलै २०१२ रोजीं अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्याच्या ऑरोरा शहरीं एका तरुणानें चित्रपटगृहांत असला शंभरांचा ढोल लाविलेली रायफल चालविली. बारा माणसें गेलीं. ढोल मध्येंच अडला नसता तर हा आंकडा कोठें गेला असता, याची कल्पना करवत नाहीं. सुभेदारांच्या हातांतली पेटी अडूं नये म्हणून ज्या मनानें आम्ही हा विषय वाचीत होतों, त्याच मनानें ही पेटी अडली म्हणून देवाचे आभार मानले. स्प्रिंग तीच, ओठ तेच. या दोन भावनांचा मेळ आम्हांस अद्याप घालतां आलेला नाहीं. त्या देशांत १९९४ पासून दहा वर्षें नागरिकांसाठीं नव्यानें बनणाऱ्या पेट्यांवर दहा काडतुसांची मर्यादा होती, म्हणजे ली-एन्फील्डइतकीच. २००४ सालीं तो कायदा संपला. ऑरोरानंतर, २०१३ सालीं, कोलोरॅडोनें आपल्यापुरती पंधरांची मर्यादा घातली. हें आम्हीं सुभेदारांस सांगितलें तेव्हां ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग इतकेंच म्हणाले, “म्हणजे तेरा.”