कट्ट्याआधी काडतूस

संपादकांनी लेख मागितला तो गावठी कट्ट्यांवर. निमित्त उमर्टीच्या बातम्यांचे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले हे गाव आपल्या चोपडा तालुक्याला खेटून आहे. 2025 च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, आणि तेव्हापासून भेटेल तो मला एकच विचारतो: आता तरी कट्टे यायचे थांबतील ना? माझी सगळी नोकरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बंदुका आणि गोळ्या तपासण्यात गेली. माझे उत्तर, नाही. भट्टीला लागतात विटा, कोळसा आणि हवेचा पंखा. इथली मोडली की दुसरीकडे पेटते. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवणाऱ्या सिकलीगरांना त्या कसबावर दुसरी रोजीरोटी मिळत नाही, तोवर छापे घालून फार काही होणार नाही.

मी बरीच वर्षे जे सांगत आले ते वेगळेच आहे. कट्ट्याच्या मागे लागण्याआधी काडतुसाच्या मागे लागा.

कट्टा झोपडीत बनतो, काडतूस बनत नाही. त्याची पितळी पुंगळी, बुडातला प्राइमर, मोजून भरलेली दारू आणि वरची गोळी हे सगळे कारखान्याचे काम आहे. झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून विकणारे आहेत, नाही असे नाही. पण आमच्या टेबलावर येणारा बहुतेक माल कारखान्यातलाच असतो. म्हणजे तो कधीतरी कायदेशीर होता. कुणाच्या तरी परवान्यावर, दुकानदाराच्या नोंदवहीत नाहीतर एखाद्या शस्त्रागाराच्या हिशेबात त्याची नोंद होती आणि तिथूनच तो गळाला. कट्ट्याला मूळ कागद नसतो, काडतुसाला असतो. तरीही वर्तमानपत्रात ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत’ असे छापून येते आणि वाचणारा काडतुसांवरून पुढे सरकतो.

काडतूस उलटे धरले की बुडावर ठसा दिसतो. आपल्याकडच्या गुन्ह्यांत बहुधा ‘के. एफ.’ ही इंग्रजी अक्षरे आणि शेजारी 7.65 किंवा 8 एमएम. के. एफ. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 पासूनचा. ठसा खडकीचा म्हणून दोष खडकीचा, असे कुणी समजू नये. माल तिथून रीतसर कागदांनिशी बाहेर पडतो, गळती पुढे होते. बुडावर 9 एमएम असेल तर मी जास्त सावध होते. तो बोअर सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, त्यामुळे तो एकतर एखाद्या दलाच्या साठ्यातून आलेला असतो किंवा सीमेपलीकडून.

एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतली दोन पाकिटे पाठोपाठ माझ्या टेबलावर आली होती. गुन्हे वेगळे, आरोपी वेगळे. दोन्हींतली काडतुसे 7.65. सूक्ष्मदर्शकाखाली बुडे पाहिली तर ‘के’च्या तिरप्या पायावर दोन्हीकडे तोच बारीक टवका. ठसा उठवणारा साचा वापरून झिजतो, कुठेतरी चेपतो, आणि ती खोड त्यापुढच्या प्रत्येक काडतुसावर उतरते. असा एक साचा हजारो काडतुसांवर चालतो, त्यामुळे दोन्ही काडतुसे एकाच खोक्यातली, असे मी म्हणू शकत नव्हते. न्यायालयात तो पुरावा ठरला नसता. पण तपासाला धागा नक्की होता: त्या सुमाराचा माल कोणत्या दुकानांत गेला, कोणाच्या परवान्यावर उचलला गेला? अहवालाला टिपण जोडले. त्यावर मला फोन आला नाही, पत्रही नाही.

कारण आम्हाला विचारलेच जात नाही. पाकिटासोबतच्या प्रश्नावलीत प्रश्न ठरलेले असतात. हे अग्निशस्त्र आहे का? चालू स्थितीत आहे का? घटनास्थळाची पुंगळी यातूनच झाडली गेली का? आम्ही आरोपीच्या मालातले काडतूस त्याच कट्ट्यातून झाडून बघतो, ‘होय’ लिहितो आणि मुद्देमाल परत पाठवतो. हे आले कुठून, हा प्रश्न प्रश्नावलीत नाही. खटला चालवायला त्याची गरज नाही, मग विचारायचे कशाला, असे एका अधिकाऱ्याने मला तोंडावर सांगितले होते. तो आपल्या जागी चुकीचा नव्हता. पण त्याने तपास केला तो बाळगण्याचा. तस्करीचा झालाच नाही.

आता वकील मंडळींना प्रिय असलेला मुद्दा. गावठी पिस्तुलाच्या नळीला आतून पीळ नसतो, मग जुळवणी कशी करता, असे प्रत्येक उलटतपासात विचारतात. कारखान्यातल्या नळीत वळत जाणारे खाचे असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उतरतात आणि त्यावरून नळी ओळखता येते, हे खरे. गावठी नळी पुष्कळदा नुसता गुळगुळीत पाइप, तोही गोळीपेक्षा सैल. गोळी त्यात हेलकावत जाते, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हेही खरे. पण पुंगळीचे काय? दारू पेटली की पुंगळी मागच्या पोलादावर प्रचंड दाबाने आदळते आणि ते पोलाद कानशीने घासलेले असते. कानशीची प्रत्येक रेघ मऊ पितळावर उमटते. फायरिंग पिनचे टोकही हाताने घासलेले, कुठे चपटे, कुठे तिरके. यंत्रावर एकामागून एक निघालेल्या दोन पिस्तुलांत मला फरक शोधावा लागतो. हाताने घडवलेल्या दोन कट्ट्यांत तो बघताक्षणी दिसतो. गोळी मुकी असली तरी पुंगळी बोलते. विचारवंत डॉ. कलबुर्गी यांची 2015 मध्ये धारवाडला आणि पत्रकार गौरी लंकेश यांची 2017 मध्ये बंगळुरूला हत्या झाली, ती एकाच 7.65 च्या गावठी पिस्तुलाने, असा निष्कर्ष कर्नाटकच्या प्रयोगशाळेने काढला तो तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखालीच. ‘गावठी आहे, जुळणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या भिंगातून बघावे.

कायद्यात उणीव फार नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने अवैध तस्करीची स्पष्ट व्याख्या आली, तिला किमान 10 वर्षे आणि कमाल जन्मठेप. त्या व्याख्येत काडतुसेही आहेत. पण कलम लावायला साखळी दाखवावी लागते, आणि साखळी कुणी शोधत नाही.

शोधली की काय निघते, ते रामपूरला दिसले. एप्रिल 2010 मध्ये दंतेवाड्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 76 जवान मारले गेले. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने काडतुसांचा माग काढत रामपुरात धरपकड केली, आणि सापडले ते गणवेशातलेच लोक. 2023 मध्ये न्यायालयाने 24 जणांना दोषी ठरवले. 2018 मध्ये जबलपूरच्या लष्करी भांडारातून बाद झालेल्या एके-47 रायफली बिहारमधल्या मुंगेरला पोचत असल्याचे उघड झाले, तेव्हाही बोट आतल्याच माणसांकडे गेले. तस्करी म्हटले की आपण समुद्र, रात्र आणि होडी डोळ्यांपुढे आणतो. 1993 मध्ये दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर बॉम्बस्फोटांचा माल उतरल्यानंतर महाराष्ट्राने ते आणणे साहजिक आहे. पण रोजच्या खुनांतले काडतूस हिशेबाच्या वहीतून निसटते.

ब्राझीलने 2003 च्या कायद्याने पोलीस आणि लष्कराला विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या बुडावर लॉट क्रमांक कोरणे सक्तीचे केले. 2018 मध्ये रिओ द जानेरोच्या नगरसेविका मारिएल फ्रँको यांची हत्या झाली, तेव्हा रस्त्यावरच्या पुंगळ्यांवरून कळले की तो माल 2006 मध्ये संघराज्य पोलिसांना विकलेला होता. तेवढ्याने मारेकरी सापडले नाहीत, पण गळती कुठे होती हे कळले. आपल्याकडे लॉट खोक्यावर असतो आणि खोके गुन्ह्याच्या जागी कधीच सापडत नाही. लॉट बुडावर आणा, एवढीच माझी मागणी आहे. खर्च वाढेल, साचे वारंवार बदलावे लागतील, हे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि तरीही मागणी कायम आहे.

तोवर निदान पंचनाम्यात ‘दोन जिवंत काडतुसे’ एवढ्यावर थांबू नये. बुडावर जे कोरले आहे ते अक्षरन्‌ अक्षर उतरवावे, मोबाइलवर जवळून फोटो घ्यावा आणि मगच सील करावे. चाचणीत काडतूस झाडले की प्राइमरवर पिनचा खड्डा पडतो, त्याआधीचा तो फोटो आम्हाला हवा असतो.