जुना यशिका ठेवायचा की विकायचा

आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होणार होता. तिथल्या काकांकडून मी यशिका मॅट १२४जी कॅमेरा घेतला. हे मॉडेल १९७० पासून १९८६ पर्यंत निघत होतं. एकावर एक दोन लेन्स असतात. वरच्या लेन्समधून बघायचं, फोटो खालच्या लेन्समधून निघतो. त्यात १२० चा रोल लागतो आणि त्यावर चौकोनी बारा फोटो बसतात. काकांनी देताना एवढंच सांगितलं, "रोल टाकणार असशील तरच ने. नुसता कपाटात ठेवायचा तर माझ्याकडेही कपाट आहे."

पहिली अडचण घरी आल्याआल्याच आली. १२० च्या रोलला डबी नसते. कागदात गुंडाळलेली फिल्म एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते, म्हणजे आत एक रिकामं रीळ आधीपासून हवं. कॅमेऱ्यात ते नव्हतं. नवा रोल हातात आणि भरता येईना. काकांकडे परत गेलो, तर त्यांनी ड्रॉवरमधून मूठभर रिळं काढून दिली. मागच्या झाकणाची पट्टी २४ वर होती, तीही त्यांनीच सरकवून १२ वर केली. २४ फोटोंचा २२० चा रोल आता सहसा मिळत नाही, पण पट्टी कुणीतरी तशीच ठेवलेली असते.

मग सेल. या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचा. ते सेल आता बंद झालेत. दुकानदाराने त्याच मापाचा साधा सेल दिला. तो दीड व्होल्टचा असतो, त्यामुळे मीटर उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. पहिला रंगीत रोल त्यामुळे काळपट आला. मेडिकलमध्ये कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल मिळतो, तो जवळपास बरोबर व्होल्टेज देतो. आकाराने लहान असल्यामुळे भोवती एक वायसर बसवावा लागतो. मी तेही केलं. पण आता बहुतेक वेळा मोबाइलमधलं लाइट मीटरचं अ‍ॅपच वापरतो.

तो रंगीत रोल धुवायला बाहेरगावी कुरियरने पाठवला होता. स्कॅन मोबाइलवर आले, निगेटिव्ह मात्र आल्या नाहीत. फोन केले, "पाठवतो" म्हणाले. अजून यायच्यात. रीळही गेलं. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरियर धरून एका फोटोला दीडशेच्या आसपास पडले. बायको म्हणाली, "अहो, वापरा नाहीतर विका. मधल्यामध्ये तो डबा टेबलावर नको."

विकायचा म्हणून मग नीट तपासायला घेतला. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं, तर वरच्या लेन्समध्ये बुरशीचे बारीक पांढरे धागे. हे बघून आधी घाबरलो. पण वरची लेन्स फक्त बघण्यासाठी असते, तिच्या बुरशीचा फोटोवर परिणाम होत नाही. खालची लेन्स स्वच्छ होती. शटर एक सेकंदावर ठेवून दाबलं, तर ते उघडंच राहिलं आणि बऱ्याच वेळाने आपल्या मनाने मिटलं. आतलं ग्रीस वाळलं की असं होतं. मुंबईच्या एका मेकॅनिकने फोनवर सांगितलेला दुरुस्तीचा आकडा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मोठा होता.

रंगीत परवडत नाही म्हणून कृष्णधवल घरी धुवायला लागलो. इथे मात्र आपल्या शहराने घाम काढला. डी-७६ डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घातलं, तर एचपी५ फिल्मला २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं. बर्फाच्या टबात बाटल्या ठेवल्या. डेव्हलपर थंड झाला, पण पुढचं पाणी गरमच राहिलं. दुसरं म्हणजे फिल्म वाहत्या पाण्याखाली धुवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी. नळ सोडून फिल्म धुतोय असं घरात सांगायची माझी हिंमत नव्हती.

इलफर्ड कंपनीनेच सांगितलेली एक पद्धत उपयोगी पडली. हायपो (फिक्सर) झाल्यावर डेव्हलपिंगच्या टाकीत पाणी भरायचं आणि पाच वेळा उलटंपालटं करून ओतून द्यायचं. पुन्हा भरून दहा वेळा, मग वीस वेळा. एका रोलला जेमतेम दीड लिटर पाणी लागतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्ड, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. फोटोचा खर्च निम्म्यावर आला.

तरी ठरत नव्हतं. ठरलं वेरूळला. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळून सकाळी गेलो. कैलासाच्या शिखरावर ऊन होतं, खाली अंगणात सावली. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. सोंड तुटलेल्या हत्तीच्या बाजूने ध्वजस्तंभ घ्यायला कॅमेरा वळवावा, तर स्तंभ भलतीकडेच पळे. सहलीची पोरं भोवती जमली. त्यांना वाकून काचेत दाखवण्यात बराच वेळ गेला, रोल मात्र संपला नाही.

पुढे दहाव्या लेण्यात आत गेलो. अ‍ॅपने पाव सेकंद सांगितला. ट्रायपॉड परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि पाव सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही. म्हणजे शटर दुरुस्त असतं तरी तिथे फोटो निघाला नसता. मला लागणारे वेग साठांश सेकंद आणि त्यापुढचे, ते ठीक चालत होते. मग दुरुस्तीवर एवढे पैसे कशाला? जेम्स फर्ग्युसनच्या १८६४ च्या पुस्तकात मेजर रॉबर्ट गिल यांनी इथल्या लेण्यांचे काढलेले फोटो आहेत. ते बघून आलेल्या माणसाला रंग नसल्याचंही फारसं वाईट वाटत नाही.

कॅमेरा ठेवला. रंगीत रोल नाही, शटरची दुरुस्ती नाही, धुलाई फक्त दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत. कातडी केसमध्ये बुरशी लवकर धरते, म्हणून ती काढून टाकली. आता तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असतो. हिवाळ्यातही रोल टाकावासा वाटत नसेल, त्याने असा कॅमेरा विकलेला बरा. घेणारे पुण्या-मुंबईत मिळतात.

नव्याने घेणार असाल तर पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडायला सांगा. आत टॉर्च मारा, खालची लेन्स बघा, शटर सगळ्या वेगांवर दाबून ऐका, रिकामं रीळ मागून घ्या. विकणारा झाकण उघडू देत नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नका.