वहीतली देणी

माझ्याकडे ग्लेझची, म्हणजे मातीच्या भांड्यावर चढणाऱ्या काचेरी लेपाची, एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तसली. तिच्यात प्रत्येक कृतीपुढं एक नाव आहे. ही शिस्त माझ्या बाईंची. पहिल्यांदा त्यांच्या कपाटातला कागद उतरवून घ्यायला बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘कृती घेतेस ना, मग नावासकट घे. नाव गाळलंस तर ती चोरी.’’

बाई बडोद्याला शिकलेल्या, ज्योत्स्ना भट्ट यांच्या हाताखाली. ज्योत्स्नाबेन (1940–2020) मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या. शंखो चौधुरींकडे शिल्पकला शिकल्या, ब्रुकलिनला जाऊन मातीकाम शिकल्या आणि पुढं 2002पर्यंत बडोद्याच्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये विद्यार्थी घडवत राहिल्या. त्यांची मांजरं फार गाजली. त्या मांजरांकडे बघितलं की शिल्पकाराचा हात ओळखू येतो: मिशा नाहीत, केस नाहीत, नुसता पाठीचा बाक आणि त्यात मुरलेला आळस. बाई शिकवतानाही तेच सांगायच्या, काय घालायचं यापेक्षा काय काढायचं ते बघ.

बाईंच्या बंगल्यामागं पत्र्याची शेड होती. त्यात चाकं आणि गॅसची भट्टी. मी विमा कंपनीतली नोकरी संपवून संध्याकाळी जायची. कितीतरी दिवस नुसती माती मळायला लावली. मग चाकावर बसवलं, आणि जरा बरा म्हणावा असा पहिला वाडगा निघाला तर बाईंनी तार घेतली आणि तो उभा चिरला. दोन्ही अर्धे फळीवर उताणे. काठाशी भिंत जेमतेम दोन सूत आणि तळाशी बोटभर जाड. ‘‘हे वजन कुणी उचलायचं? चहा पिणाऱ्यानं?’’ तेव्हा मला रडू आलं होतं. आज माझ्या शेडमध्ये मुलं येतात त्यांचे वाडगे मीही चिरते. तसं केल्याशिवाय हाताला भिंत कळत नाही.

वहीतलं पहिलं पान असं आहे: फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, व्हायटिंग म्हणजे खडूची पूड 20, चायना क्ले 10. पुढं नाव: लीच. इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्जला 1920 साली जपानी कुंभार हमादांबरोबर भट्टी उभारणाऱ्या बर्नार्ड लीचची ही कृती जगभर ‘चार-तीन-दोन-एक’ म्हणून चालते. पूड पाण्यात कालवून, गाळून, दाट ताकाएवढी ठेवायची आणि एकदा भाजलेलं भांडं त्यात बुडवून काढायचं. त्यात लोखंडाचा ऑक्साइड टक्का-दीड टक्का टाकला आणि 1280 अंशांच्या आसपास भट्टीतली हवा कोंडली, की फिकट हिरवा सेलेडॉन येतो. हवा अपुरी पडली की ज्योत लोखंडाकडून ऑक्सिजन वसूल करते. तो रंग म्हणजे त्या वसुलीचा शिल्लक हिशेब. तेच लोखंड आठ-दहा टक्क्यांवर नेलं की काळा-तपकिरी तेनमोकू. फेल्डस्पार राजस्थानातून ब्यावरकडून येतो, पोत्यागणिक थोडा बदलतो, त्यामुळं लीचचे आकडे तसेच्या तसे लावून चालत नाही. दर नव्या पोत्याला चाचणीचे तुकडे भाजावेच लागतात.

आपल्याकडच्या मालावर ग्लेझ कसं बसवायचं हे बाईंना आणि मला शिकवलं ते निर्मला पटवर्धनांच्या ‘न्यू हँडबुक फॉर पॉटर्स’ या पुस्तकानं. मी त्यांना कधी भेटले नाही. सिंधमधल्या हैदराबादच्या, गांधीधाम वसवणाऱ्या भाई प्रताप यांची ही मुलगी. शांतिनिकेतनात शिकली, स्वातंत्र्यसैनिक अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांच्या घरात सून म्हणून आली, आणि लीचच्या भट्टीपर्यंत जाऊन आली. चित्रपटकार आनंद पटवर्धन त्यांचा मुलगा. आईवडिलांवरचा त्याचा ‘वसुधैव कुटुंबकम’ 2023 साली आला. ग्लेझची कृती मरेपर्यंत कुणाला सांगायची नाही, हा भट्टीवाल्यांचा जगभरचा जुना धर्म. निर्मलाबाईंनी आयुष्यभराच्या चाचण्या छापून मोकळ्या केल्या. त्या पुस्तकाची माझी प्रत चिकणमातीच्या बोटांनी इतकी माखली आहे की काही पानं आता उघडतच नाहीत, आणि ती पानं मला पाठ आहेत.

स्टुडिओत काम करणाऱ्यांची वंशावळ अशी सांगता येते. दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग 1919मध्ये जपानला गेले, तिथं त्यांना लीच भेटले. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. सुरूच्या लाकडावर भट्टी लावणारी आजची निम्मी मंडळी तिथून गेलेली. हे मीकर मातीचं अख्खं घर बांधायचे, आत कच्च्या विटा रचून घरच पेटवायचे आणि घर व विटा एकदम भाजून काढायचे. मुंबईचा आर्किटेक्ट आदिल रायटर त्यांच्याकडे शिकून ऑरोव्हिलला राहिला. एक शिल्पकलेतून येतो, एक वास्तुकलेतून, एखादी माझ्यासारखी विम्याच्या टेबलावरून. 2018 साली जयपूरला जवाहर कला केंद्रात भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकी झाली, ती बघायला गेले होते. चार्ल्स कोरियांच्या त्या नऊ चौकोनांत भांडं शोधावं लागत होतं. मला त्यातलं बरंचसं आवडलं. काही काम मात्र नुसतं भिंतीवरच्या लेखापुरतं होतं, त्यातून माती वगळली असती तरी फरक पडला नसता.

या वंशावळीत एक नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. गुरचरण सिंग जपानला जाण्याआधी दिल्लीत अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराकडे बसले होते. दिल्लीच्या निळ्या भांड्यांचा हात त्याच्या घराण्यातला. बहुतेकांच्या कहाणीतला अब्दुल्ला मात्र वगळला जातो.

माझा अब्दुल्ला पुण्यात, मुंढव्याजवळ केशवनगरला राहतो. मी त्यांना मामा म्हणते. बाई आजारी पडल्या, शेड बंद झाली, तेव्हा मी तिथं जाऊन बसू लागले. मामांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, ‘‘ताई, किती पाणी पाजताय! तहान तिला लागलीय का तुम्हाला?’’ मी पाणी निम्म्यावर आणलं आणि माझी भांडी कोसळायची थांबली. पण खरी शिकवण मामींची. मामा चाकावर माठाचं नुसतं जाड खापर उठवून देतात. ते जरा सुकलं की मामी मांडीवर घेतात, आतून दगडी गोळा धरतात, बाहेरून लाकडी थापटणं मारतात. एका लयीत, गोळा आणि थापटणं समोरासमोर, मध्ये फक्त माती. भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जातं आणि बूड गोल होतं. आवाज भदभद असतो तो हळूहळू टणटणीत होतो, तिथं थांबायचं. जाडी मोजायची तार त्यांना लागत नाही. माझ्या मोठ्या रांजणांना लोक ‘तुमची शैली’ म्हणतात. ती मामींची मांडी आहे.

माझा वाडगा बाराशेला जातो. त्यांचा माठ, भर उन्हाळ्यात, दीडशेला, तोही घासाघीस करून. माझ्या नावापुढं कलावंत लागतं, त्यांच्या नावापुढं जात. बिहारच्या कुंभार घरातून आलेल्या आणि भाईंदरला स्टुडिओ थाटणाऱ्या ब्रह्मदेव पंडितांना 2013मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ही रेघ ओलांडता येते असं दिसलं. ओलांडणारे मात्र फार थोडे. एका गॅलरीनं माझ्या प्रदर्शनाच्या माहितीपत्रकातून ‘गुरू’ या सदरातली मामा-मामींची नावं काढून ‘पारंपरिक कारागिरांची प्रेरणा’ असं घातलं. मी माहितीपत्रक परत छापून घेतलं, पदरचे पैसे घालून. मामींना ते दाखवलं तर म्हणाल्या, ‘‘फोटो बरा नाही आला. आणि माठ उलटा छापलाय.’’ खरंच उलटा होता.

मी शिकवणीचे पैसे देऊ केले की मामा मातीच्या टेंपोचं भाडं तेवढं घेतात. ‘‘मातीचे पैसे मातीला लागतात. हाताचे कसले?’’ या देण्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. आता त्यांच्या नातवानं डिप्लोमा झाल्यावर नोकरी न शोधता गॅसच्या भट्टीचा विषय काढला आहे. स्टोनवेअर, म्हणजे चढ्या आचेवरची पक्की भांडी, करायची म्हणतो, माठाला भाव नाही. मामांना ते पसंत नाही, मामींना आहे. चंद्रपूरकडे भद्रावतीच्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरांनी कुंभारांच्या मुलांसाठी मातीकामाचं शिक्षण उभं केलं, ते त्याला आधी दाखवावं असं मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं निघतो आहोत. दोघांच्याही तिकिटाचे पैसे मामींनी काल माझ्या हातात कोंबले, आणि मला ते मुकाट्यानं घ्यावे लागले.