भुकटी आणि श्वास

मी दमेकरी. लहानपणीं डॉक्टरांनीं मजला रोटाहेलर दिला. ही एक पारदर्शक नळी. तींत कॅप्सूल बसवावी, नळी पिळून ती उघडावी आणि श्वास जोरानें आंत ओढावा. फवाऱ्याच्या पंपांत औषध दाबानें बाहेर येतें. येथें तें ओढून आणणारा आपलाच श्वास. दमेकऱ्यास नेमकी त्याचीच वाण!

अशी युक्ति काढणाऱ्यांत डॉ. रॉजर आल्टुन्यान हे अग्रणी. ते स्वतः दमेकरी, आणि दुसऱ्या महायुद्धांत वैमानिक. त्यांच्या स्पिनहेलरांत कॅप्सूल चिमुकल्या पंख्यावर फिरे.

एके पावसाळी रात्रीं मला धाप लागली. घाबरून मीं नळींतच उच्छ्वास सोडला. त्या ओलाव्यानें भुकटी चिकटून बसली. आईनें नळी दिव्यासमोर धरली, आंतील पांढरा थर पाहिला, आणि कांहीं न बोलतां दुसरी कॅप्सूल बसविली. त्या वेळीं तेवढ्यानें भागलें. परंतु झटका तीव्र असला तर श्वास भुकटी ओढण्याइतकाही उरत नाहीं, म्हणून घरांत फवारा व स्पेसर हेही असतात.

पुढें टर्ब्युहेलर मिळाला. त्यांत पुष्कळ मात्रा आधींच भरलेल्या. बूड फिरविलें कीं एक तयार. प्रवासांत फारच सोयीचा. मात्र त्यास ओढ अधिक जोराची लागते, आणि भुकटी इतकी अल्प कीं जिभेस चवही कळत नाहीं. औषध गेलें कीं नाहीं, हा संशय मला कितीदां तरी छळतो. रोटाहेलराची किंचित् गोड चव मात्र लगेच कळते.

आईचें मत अजून रोटाहेलराकडेच आहे. तिला नळी उजेडांत धरून पाहतां येते.